व्हर्न हॅलोरनच्या जागेवर

व्हर्न हॅलोरन गेल्याची बातमी मर्ल ओस्टबीला सकाळी साडेसातला फोनवर कळली, आणि फोन खाली ठेवायच्या आत त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा की, आता मैदानावर त्याच्या जागी, होम प्लेटमागं, कोण बसणार. दुसरा विचार आला, अरेरे, बिचारा व्हर्न. पण तो दुसरा आला हे मर्लच्या लक्षात आलं आणि त्याचे कान तापले. पंचावन्न वर्षांचा मित्र, रोज सकाळी एका टेबलावर कॉफी पिणारा, आणि तो जाऊन अजून चार तास झाले नव्हते. मर्लनं स्वतःला दोन सणसणीत शिव्या हासडल्या, तव्यावरचं अंडं करपू दिलं, आणि पुन्हा तोच विचार करायला बसला.

त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. केटल बेंडमध्ये वाढलेल्या कुणाच्याही मनात तेच आलं असतं, फक्त कुणी कबूल केलं नसतं. या गावात जुना खेळाडू गेला की चर्चमध्ये जे व्हायचं ते होतंच, पण त्याला खरा निरोप मिळतो तो जुलैच्या शेवटच्या रविवारी, गावच्या बेसबॉल संघाच्या, म्हणजे हेरन्सच्या, मैदानावर. त्याला 'हजेरी' म्हणतात. मॅच सुरू व्हायच्या आधी, वर्षभरात गेलेल्या जुन्या हेरन्सची नावं भोंग्यावरून पुकारली जातात. ज्याचं नाव येईल त्याच्या जागेवर, त्याचाच ग्लोव्ह घालून, त्याच्या घरच्यांनी निवडलेला माणूस पळत जाऊन उभा राहतो. सगळे उभे राहिले की संघाचा आजचा पिचर एकच चेंडू टाकतो, हळूच. पाहुण्या संघाचा बॅटर बॅट खांद्यावरून हलवत नाही. चेंडू कसाही येवो, अंपायर 'स्ट्राइक', म्हणजे चेंडू बरोबर आला, असं ओरडतो, अख्खं मैदान टोप्या काढतं, आणि ग्लोव्ह घरच्यांना परत जातो. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीसाठी लोक शिकागोहून गाडी हाकत येतात.

आणि त्या वर्षी कॅचर गेला होता. बाकीचे जाऊन नुसते उभे राहतात, पण चेंडू येतो तो होम प्लेटमागं, बॅटरच्या पाठीशी बसलेल्या कॅचरकडे. गेल्या सोळा वर्षांत केटल बेंडचा एकही कॅचर मेला नव्हता. चिवट जात.

आता मर्लचं दुखणं सांगतो. अडुसष्ट ते एकाहत्तर अशी चार वर्षं मर्ल हेरन्सचा दुसरा कॅचर होता. पहिला व्हर्न. बाहेरगावच्या अकरा मॅचमध्ये मर्ल कॅचर म्हणून बसला, पण घरच्या मैदानावर, स्वतःच्या लोकांसमोर, एक डावसुद्धा नाही. उजव्या कुंपणाशी जी सरावाची पट्टी आहे तिथं त्यानं हजारो चेंडू झेलले, पिचरांचे हात गरम करून दिले, आणि ते गेले की बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलल्या. मॅनेजरला विचारलं की तो म्हणायचा, "उद्या." ते उद्या काही आलं नाही. मर्लनं मग मनाची समजूत घालून टाकली की आपण त्या तोडीचे नव्हतोच. गावातल्याच मुलीशी लग्न केलं, तीस वर्षं शाळेची बस चालवली, आणि रोज सकाळी व्हर्नच्या तोंडून व्हर्नच्याच मॅचचं वर्णन ऐकलं. व्हर्न गोष्ट फार छान सांगायचा. त्यामुळं तर जास्तच जळायचं.

अंत्यविधी झाला. मर्ल रडलाही, आणि खरंखुरं रडला. पण दुसऱ्या दिवसापासून तो पोर्चमध्ये खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसायला लागला. रिवाज असा की ग्लोव्ह मागायचा नसतो, तो यावा लागतो. आणि गावात ज्याला विचाराल तो सांगत होता की ग्लोव्ह डेल्बर्ट प्रुएटकडं जाणार. डेल्बर्ट त्या काळचा नामांकित पिचर, व्हर्नचा जोडीदार, वर्तमानपत्रात दोघांचे गळ्यात गळे घातलेले फोटो.

नवव्या दिवशी फिलिस हॅलोरन आली. व्हर्नची बायको. पंच्याहत्तरीची, सडसडीत, स्वतः ट्रक चालवणारी. हातात पावाची प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत पाव नव्हता.

"उठू नकोस," ती म्हणाली. मर्ल आधीच उठला होता.

"डेल्बर्ट येऊन गेला," ती म्हणाली. "दोनदा. केक घेऊन."

"मग?"

"केक चांगला होता." तिनं पिशवी त्याच्या हातात दिली. "डेल्बर्टला रडू फुटतं, मर्ल. माझ्या दारात उभा राहून रडला, मलाच त्याला धीर द्यावा लागला. तिथं कुणीतरी चेंडू झेलणारं पाहिजे."

मर्लनं पिशवीत हात घातला. जाड, गोल, काळपट पडलेलं चामडं. त्याच्या मनात लाडू फुटत होते आणि चेहरा मात्र सुतकी ठेवायचा होता, त्यामुळं त्याचं तोंड असं काही विचित्र झालं की फिलिसनं विचारलं, "दात दुखतोय का?"

"नाही," मर्ल म्हणाला. "मी करीन नीट."

उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात. मर्लचा डावा गुडघा तर दोन वर्षांपूर्वी बदललेला होता, आणि उजवा बदलायची वाट बघत होता. कॅचरला उकिडवं बसावं लागतं, आणि एकोणऐंशीव्या वर्षी उकिडवं बसणं ही काही साधी गोष्ट नाही. मर्लनं गॅरेजमध्ये सराव सुरू केला. गवत कापायच्या यंत्राचा दांडा धरून खाली जायचं, दहा आकडे मोजायचे, वर यायचं. तिसऱ्या दिवशी तो खाली गेला आणि वर येईना. संध्याकाळी त्याची मुलगी जोलीन कामावरून परस्पर इकडं आली. ती नर्स आहे, त्यामुळं तिला कशाचं आश्चर्य वाटत नाही.

"बाबा, खाली काय शोधताय?"

"काही नाही. बसलोय."

"किती वेळ झाला?"

"मघाशी बसलो."

"मघाशी म्हणजे?"

"बातम्या लागल्या होत्या."

तिनं त्याला काखेत हात घालून उभं केलं, खुर्चीवर बसवलं, आणि समोर उभी राहिली. "हे बघा. तुम्ही तिथं उभे राहणार. उभे. तो मुलगा खालून हळूच चेंडू देईल, तुम्ही तो घ्याल, लोक टाळ्या वाजवतील. कळलं?"

"कॅचर उभा राहत नाही, जोलीन."

"कॅचर एकोणऐंशीचा नसतो."

"व्हर्न उभा राहिला असता का?"

"व्हर्नकाका गेलेत," ती म्हणाली, आणि मग तिलाच वाईट वाटलं. तिनं बर्फाची पिशवी आणून त्याच्या गुडघ्यावर ठेवली आणि जरा वेळानं म्हणाली, "कंबरेला पट्टा बांधायचा. आणि मास्क. आणि छातीला ते संरक्षक. नाहीतर मी स्वतः मैदानात येऊन तुम्हाला उचलून नेईन, सगळ्या गावादेखत."

"बांधतो ना," मर्ल म्हणाला. एवढ्यावर भागलं याचाच त्याला आनंद झाला होता.

हजेरीच्या दिवशी तो दोन तास आधी मैदानावर पोचला. पिचर होता येइसन पेराल्टा, डोमिनिकन रिपब्लिकचा, वीस वर्षांचा, उंच, हात गुडघ्यापर्यंत. मर्लनं त्याला डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या छपराच्या, पायरीवर गाठलं.

"पोरा, आज मी आहे मागं."

"माहीत आहे, आजोबा. काळजी करू नका. पिसासारखा टाकतो."

"पिसासारखा नको. खरा टाक."

येइसननं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. पट्टा पाहिला, गुडघे पाहिले. "माझा कोच मला खाऊन टाकेल."

"त्याला कळणार पण नाही."

"आजोबा, चेंडू तुमच्या नाकावर बसला की सगळ्यांना कळेल. माझी आजी टीव्हीवर बघते मला. तिला काय सांगू, म्हाताऱ्याला मारला म्हणून?"

पोरगं बरोबर होतं, आणि चांगलं होतं, आणि त्यामुळं त्याच्यावर चिडताही येत नव्हतं. तो बाकावर जाऊन बसला आणि स्वतःला म्हणाला, पिसासारखा तर पिसासारखा. आपल्याला काय, बसायला मिळतंय ना.

मैदान भरलं. तळलेल्या मांसाच्या सँडविचचा आणि मक्याच्या कणसांचा वास पसरला. बरोबर पाच वाजता भोंगा खरखरला आणि आधी बॉइड टिलरीचं नाव आलं, डावं क्षेत्र, एकोणीसशे चौसष्ट. त्याचा मेहुणा पळत गेला, म्हणजे चालतच गेला. मग वेंडेल काम्प, शॉर्टस्टॉप, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. त्याच्या जागी त्याची मुलगी इतक्या जोरात पळाली की लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग भोंगा म्हणाला, "व्हर्नन हॅलोरन. कॅचर. एकोणीसशे सदुसष्ट ते पंच्याहत्तर."

मर्ल पळाला. खरंच पळाला. डगआउटपासून होम प्लेटपर्यंत चाळीस पावलं असतील, ती त्यानं कधी कापली ते त्याला कळलं नाही. छातीत असं काही धडधडत होतं की जोलीननं ते ऐकलं असतं तर तिथंच कार्यक्रम बंद पाडला असता. त्यानं मास्क ओढला, वळला, आणि खाली बसला. गुडघे कुरकुरले, पण बसला. आणि पहिल्यांदा त्याला ते दिसलं. सगळं मैदान एकट्या कॅचरला समोरून दिसतं, बाकी सगळ्यांची तोंडं त्याच्याकडं असतात. बाहेरगावी हे दिसलं होतं, पण हे त्याचं होतं. ती पाण्याची टाकी, ती कुंपणावरची पाटी, त्याच्या बसमधून चढउतर केलेली ती सगळी माणसं. मर्लला इतका आनंद झाला की त्याला व्हर्नची आठवणसुद्धा राहिली नाही.

आणि मग चूक झाली. तशी चूक कॅचरच करू शकतो, आणि ती पिचरलाच दिसते. कॅचर बसला की दोन मांड्यांच्या मध्ये बोटं दाखवून पिचरला सांगतो, कोणता चेंडू टाक. एक बोट म्हणजे सरळ आणि वेगवान. दोन बोटं म्हणजे वळणारा, हवेतून येऊन शेवटच्या क्षणी खाली बसणारा. आज काही दाखवायची गरजच नव्हती. पण मर्ल बसला, ग्लोव्ह पुढं आला, आणि उजवा हात आपणहून खाली गेला. दोन बोटं. त्याला पत्ताही नव्हता. आणि साठ फुटांवर उभा येइसन, जो बाराव्या वर्षापासून कॅचरच्या बोटांवर जगत आला होता, त्यानं मान हलवली. त्यालाही पत्ता नव्हता.

मर्लनं त्याचा पाय वर जाताना पाहिला. पिसासारखा चेंडू टाकणारा असा पाय उचलत नाही.

चेंडू खांद्याच्या उंचीवर आला आणि मग खाली कोसळला. अशा वेळी विचार करायला वेळ नसतो. मर्ल दोन्ही गुडघ्यांवर पडला, बदललेल्या आणि न बदललेल्या, हनुवटी छातीला लावली, आणि चेंडू प्लेटच्या पुढच्या धुळीत आपटून त्याच्या छातीच्या संरक्षकावर धाडकन बसला आणि समोर पडला. मर्लनं झडप घालून तो हाताखाली दाबला. प्रेक्षकांत जोलीन उभी राहिली होती. येइसननं दोन्ही हात डोक्याला लावले होते.

अंपायरनं स्वच्छ, खणखणीत आवाजात सांगितलं, "बॉल." म्हणजे चेंडू चुकला, स्ट्राइक नाही.

अंपायर नवा होता, याच मोसमात लीगनं पाठवलेला, पोरगेलासा. त्याला पाच मिनिटं आधी रिवाज समजावून सांगितला होता. पण चेंडू धुळीत पडला की प्रामाणिक अंपायरच्या तोंडून दुसरं काय निघणार. अख्ख्या मैदानानं त्याची हुर्यो उडवली. मेलेल्या माणसाला बॉल दिला म्हणजे काय.

कॅचरनं अंपायरशी भांडायचं असेल तर मागं वळून बघायचं नसतं. वळलं की त्याचा चारचौघांत अपमान होतो. मर्लनं समोर पिचरकडं बघतच विचारलं, "काय म्हणालास रे?"

"माफ करा, सर," मागून हळूच आवाज आला. "तोंडातून निघून गेलं."

"बदलणार का?"

"नाही, सर. धुळीत होता तो."

"होताच," मर्ल म्हणाला. त्याला त्या पोराचा फार अभिमान वाटला, जसा काही त्यानंच त्याला वाढवला होता. "मग एक बॉल पडला की खेळ संपतो का?"

"नाही."

"मग आपण काय करतोय?"

मग अंपायरनं येइसनकडं हात केला, म्हणजे टाक. बॅट खांद्यावर घेतलेला पाहुणा पुटपुटला, "हे मला कुणी सांगितलं नव्हतं," पण जागचा हलला नाही. डगआउटमधून कोच काहीतरी ओरडत होता. येइसननं कोचकडं पाहिलं, मग मर्लकडं पाहिलं. मर्लनं ग्लोव्हवर मूठ आपटली आणि या वेळी समजून उमजून, सावकाश, एक बोट दाखवलं.

येइसन हसला. मग त्यानं टाकला.

फळ्यावर वेगाचा आकडा उमटला, ताशी चौऱ्याऐंशी मैल. येइसन पुढं शपथेवर सांगत होता की मी हात राखून टाकला. असेल. मर्लला तो आला तेवढा दिसला, ग्लोव्ह आपल्या जागी होता, आणि ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा तो आवाज वरच्या रांगेपर्यंत गेला. हात खांद्यापर्यंत झिणझिणला. अंपायरनं 'स्ट्राइक' म्हणून घसा फाटेपर्यंत आरोळी ठोकली, अख्ख्या मैदानानं टोप्या काढल्या, आणि टोप्या काढून गप्प राहायचं असतं ते कुणाला जमेना. लोक ओरडत सुटले.

आता ग्लोव्ह परत करायचा. फिलिस कुंपणाच्या फाटकातून आत आली, रिवाजाप्रमाणं एकटीच, आणि होम प्लेटपाशी येऊन थांबली. मर्लनं उठायला पाहिजे होतं. तो तसाच बसून राहिला.

"अडकलास का?" तिनं विचारलं.

"थोडासा," मर्ल म्हणाला. मग त्यानं मास्क वर केला. इतके दिवस जे मनात दाबून ठेवलं होतं ते आता आत राहणं शक्य नव्हतं. "फिलिस, मला आनंद झाला होता. व्हर्न गेल्याचं कळलं तेव्हा. माझ्या मनात आलं, आता मला बसायला मिळेल. आधी ते आलं. नंतर बाकीचं."

अंपायरनं तोंड दुसरीकडं फिरवलं. बॅटर स्वतःच्या बुटांकडं बघायला लागला. फिलिस खाली वाकली, मर्लच्या तोंडासमोर तोंड आणलं, म्हणजे दुसऱ्या कुणाला ऐकू जायला नको.

"सत्तर सालच्या ऑगस्टमध्ये व्हर्नचा अंगठा मोडलेला होता," ती म्हणाली. "उजवा. हाड मोडलेलं. रोज सकाळी स्वयंपाकघरात मी पट्टी बांधायचे. रोज तो ओठ चावून बसायचा. कुणी विचारलं तर सांगायचा, नख फाटलंय."

"मला पण तेच सांगितलं होतं."

"तुला तर सांगायचंच होतं. मी म्हणायचे, चार दिवस घरी बस. तर म्हणायचा, चार दिवस मर्ल तिथं बसला ना, तर मला ती जागा परत मिळायची नाही. तो चांगला आहे माझ्यापेक्षा. मला ठाऊक आहे आणि मॅनेजरला अजून ठाऊक नाही, आणि मी त्याला ते कळू देणार नाही. हे मी मरेपर्यंत सांगायचं नाही असं त्यानं माझ्याकडून वचन घेतलं होतं. तो मरेपर्यंत."

"अख्खा ऑगस्ट?"

"अख्खा ऑगस्ट."

मर्लला व्हर्नचा राग आला. इतका राग आला की तो समोर असता तर त्याच्या नाकावर ठोसा दिला असता, कॉफीसकट. चोपन्न वर्षं रोज सकाळी समोर बसून गोष्टी सांगायचा हलकट, आणि ही एक सांगितली नाही. आणि त्याच वेळी मर्लला असं काही वाटत होतं, जे त्याला पंचविसाव्या वर्षी वाटायला पाहिजे होतं. डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसले नाहीत.

फिलिसनं ग्लोव्हसाठी हात पुढं केला. मर्लनं तो छातीशी धरला.

"फिलिस, जरा बाजूला हो."

"का?"

"एका स्ट्राइकवर बॅटर बाद होत नाही. तीन लागतात." त्यानं मास्क खाली ओढला. "अजून दोन राहिलेत."

फिलिसनं त्याच्याकडं पाहिलं, त्याच्या गुडघ्यांकडं पाहिलं, आणि दोन पावलं मागं सरकली. अंपायरनं मनगटावरचं घड्याळ बघितलं, ओरडणाऱ्या कोचकडं बघितलं, आणि मर्लच्या पाठीमागं पुन्हा वाकून उभा राहिला.